कुंकू लावलेलं बटण

श्रीधररावांना कुणी विचारलं, की तुम्ही काय काम करता, तर ते आधी आपले दोन्ही हात पुढे करून दाखवत आणि मग म्हणत, "हे."

हातांत सांगण्यासारखं होतंही. बंगळूरातल्या निम्म्या जुन्या थिएटरांची आणि हॉटेलांची थंड हवा त्या हातांनी कधी ना कधी ताळ्यावर आणली होती. डक्टला नुसता तळवा लावून ते सांगत, की आत पट्टी अडकली आहे, की पंख्याचा पट्टा सैल झाला आहे, की मालक वीज वाचवायला मुद्दाम यंत्र बंद ठेवतो आहे. तिसरं निदान ते मालकासमोर करत नसत. शर्टाच्या खिशात एक पिवळ्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर कायम उभा असे. बायको श्यामलाबाई म्हणत, "ह्यांना कधी छातीचा फोटो काढायला नेलं ना, तर डॉक्टर म्हणेल, एक बरगडी पिवळी आहे."

चामराजपेटेतल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात नाटक झालं, की त्यात श्रीधरराव असायचेच. पाठांतराच्या नावानं आनंद होता. पण वाक्य विसरलं की ते असा काही हात उचलत, की प्रेक्षकांना वाटे, आता हा माणूस फार मोठं काहीतरी बोलणार. तेवढ्यात विंगेतून श्यामलाबाई वाक्य पुरवत. तीस वर्षं हा संसार आणि ते नाटक एकाच पद्धतीनं चाललं होतं.

अशा माणसाला सत्तावन्नाव्या वर्षी पद्मनाभ सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

पद्मनाभ म्हणजे राजाजीनगरातल्या ज्या छोट्या कंपनीत श्रीधरराव नोकरीला होते, तिचे मालक. ते कानडीत बोलत आणि श्रीधरराव मराठीत उत्तर देत. वीस वर्षांत ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नव्हती.

"श्रीधर, पुढच्या वर्षी तुझी अठ्ठावन्न पूर्ण," सर म्हणाले.

"होय की सर. पण हात अजून चाळिशीचे आहेत."

"हातांचं काम संपत आलं रे. आता कंट्रोलर सगळे एका तारेवर बसतात आणि कंप्युटरवरून त्यांना सांगायचं असतं. साईटवर त्यालाच ठेवणार, ज्याला ते सांगता येतं. तुझ्यासाठी स्टोअर आहे. मागची खोली. खुर्ची देतो, पंखा देतो."

मागची खोली श्रीधररावांनी पाहिली होती. तिला खिडकी नव्हती. तिथला आधीचा माणूस दुपारी नटबोल्टांशी बोलत असे, आणि ते उत्तर देतात असं त्याचं म्हणणं होतं.

"आणि शिकलो तर?"

पद्मनाभ सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "शिकलास तर राहा की बाहेर. तुंगाश्री मंटपाचं, त्या नव्या मंगल कार्यालयाचं काम आहे. तिथले दिव्यांचे कंट्रोलर तू एकट्यानं लावून दाखव. मी येऊन बघतो. दिवे नीट लागले तर साईट. नाही लागले तर स्टोअर. सरी?"

"सरी, ठीक," श्रीधरराव म्हणाले आणि वाक्य विसरल्यावर उचलत तसा हात त्यांनी उचलला. पण तिथे विंग नव्हती.

शिकवायला होती उल्का. पुण्याहून नुकती आलेली, चोवीस वर्षांची, राजाजीनगरातच एका कानडी घरात पेइंग गेस्ट राहणारी. लॅपटॉपची बॅग ती लहान मुलासारखी कडेवर घेई.

"काका, इकडे बसा," ती पहिल्या दिवशी म्हणाली.

"मला इथं सगळे अण्णा म्हणतात, अक्का."

"मग मला अक्का का म्हणताय? मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे."

"इथं शिकवणारी अक्काच असते. वयाचं काय घेऊन बसलीस."

शेवटपर्यंत ती काका म्हणत राहिली आणि ते अक्का म्हणत राहिले. कुणीच हटलं नाही.

पडद्यावर मंटपाचा नकाशा होता आणि त्यावर छोटे छोटे चौकोन. एकेक चौकोन म्हणजे भिंतीवरचा एकेक डबा, एकेक कंट्रोलर. सगळे एकाच दुपदरी तारेनं जोडलेले.

"हे बघा," उल्का म्हणाली. "आपल्या मेन सॉफ्टवेअरला या डब्याच्या आतलं काहीच माहीत नाही. एसीचा डबा एका कंपनीचा, दिव्यांचा दुसऱ्या. म्हणून प्रत्येक कंपनी आपल्या डब्याबरोबर एक छोटा प्रोग्रॅम पाठवते, फ्लॉपीवर. त्याला प्लग-इन म्हणतात. चौकोनावर उजवं बटण दाबून कॉन्फिगर म्हटलं, की तो प्लग-इन उघडतो, आणि त्या डब्याला काय हवं-नको ते विचारतो."

श्रीधररावांनी एका चौकोनावर बोट टेकवलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"पाठराखीण."

"काय?"

"अगं, नवरीबरोबर सासरी पाठवतात ती. नवी नवरी स्वतः काही बोलत नाही. तिला चहात साखर किती, उशी जाड की पातळ, ते पाठराखीण सांगते. हा प्लग-इन म्हणजे डब्याची पाठराखीण. माहेरच्या कंपनीनं पाठवलेली."

उल्काला शब्द ठाऊक नव्हता. संध्याकाळी एसटीडी बूथवरून तिनं आईला विचारलं. आईनं आधी पंधरा सेकंद गप्प राहून "तुझं काही ठरलंय का तिकडे?" असं विचारलं, आणि बिल वाढलं.

पण शब्द बसला. एसीच्या डब्याची पाठराखीण कडक होती. एक रकाना रिकामा राहिला, की लाल अक्षरात ओरडे. दिव्यांच्या डब्याची पाठराखीण मात्र मवाळ. ती विचारी: खोलीत माणूस हलला तर दिवा लावू का? हलायचा थांबला तर किती वेळानं विझवू? एकदम लावू की हळूहळू? हा शेवटचा प्रश्न वाचला, तेव्हा श्रीधररावांचं नाटकातलं काळीज हललं. आजवर आपल्याला कुणी यंत्रानं असं विचारलं नव्हतं.

"पण एक लक्षात ठेवा," उल्का बजावून म्हणाली. "नकाशावरचा चौकोन आणि भिंतीवरचा डबा यांची आधी ओळख करून द्यायची. कंप्युटर म्हणणार, स्वच्छतागृहाच्या डब्याचं बटण दाबा. मग डब्यावरचं हे मधलं बटण दाबायचं. डबा तारेवरून आपला नंबर सांगतो, कंप्युटर म्हणतो, बरं, हा स्वच्छतागृह. लगेच पुढच्याचं नाव विचारतो. त्याला डबा दिसत नाही, हं. ज्यानं आधी आवाज दिला, तो स्वच्छतागृह."

"म्हणजे अंधारात हजेरी."

"अगदी."

तुंगाश्री कल्याण मंटपाचे मालक अनिलकुमार. चामराजपेटेतले जुने मराठी व्यापारी. मंटपाला त्यांनी आपल्या आईचं, तुंगाबाईंचं नाव दिलं होतं. त्यामुळे तुंगाबाईंना वाटे की मंटप आपणच आहोत, आणि कुणी भिंतीत खिळा ठोकला तरी त्या "हळू की रे" म्हणत. दसऱ्याला नातीचा, अनुषाचा साखरपुडा याच मंटपात करायचा आणि तेच मंटपाचं पहिलं कार्य, हे त्यांनी पाया खणतानाच ठरवलं होतं.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे नवमीला, श्रीधरराव लॅपटॉप घेऊन एकटेच मंटपात आले. एसीचं काम उल्कानं संपवलं होतं. दिव्यांचे सात डबे तेवढे श्रीधररावांच्या परीक्षेसाठी ठेवले होते. मागच्या दाराशी, स्वच्छतागृहाला लागून असलेल्या पॅनलच्या खोलीत त्यांनी लॅपटॉप मांडला, तार जोडली, सातही चौकोन निवडले. पडद्यावर पाटी आली: स्वच्छतागृहाच्या डब्याचं बटण दाबा.

ते उठले, तेवढ्यात दारात तुंगाबाई. हातात तबक, तबकात हळद, कुंकू, शेवंती.

"श्रीधर, आज आयुधपूजा आणि तू काम काढलंस? बाहेर बघ, रिक्षावाल्यांनी रिक्षांना केळीचे खुंट बांधले. माझ्या मंटपातली आयुधं उपाशी ठेवतोस काय?"

"अम्मा, स्वल्प थांबा, एवढं बटण..."

"देव थांबतो होय? चल. तुझे ते डबे कुठंकुठं आहेत ते मला काय ठाऊक. तूच लाव कुंकू, मी फूल वाहते."

श्रीधररावांनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं. पाटी शांत होती. वाट बघत होती. त्यांना वाटलं, आपण हाक मारल्याशिवाय ती कशाला काय ऐकेल. बैठकीत बायकोनं हाक मारेपर्यंत आपण तरी कुठे ऐकतो.

निघाले. श्रीधररावांना पॅनलच्या खोलीजवळचं आधी करून टाकायचं होतं. ते स्वच्छतागृहाकडे वळताच तुंगाबाई जागच्या जागी थिजल्या.

"कुठं निघालास?"

"इथलाही डबा आहे अम्मा. हा जवळ आहे म्हणून..."

"पूजा संडासापासून सुरू करतोस? तुझ्या आईनं हेच शिकवलं? आधी मंच. उद्या माझी नात बसणार तिथं. मग अन्नपूर्णेचं, स्वयंपाकघर. मग जेवणाची शाळा, मग नवरीची खोली, मग नवरदेवाची, मग व्हरांडा. आणि हे," त्यांनी स्वच्छतागृहाकडे मान न वळवता बोट केलं, "सगळ्यात शेवटी. हात धुऊन."

शेवटी का होईना, तिथल्या डब्यालाही कुंकू मिळालं. कारण श्रीधररावांनी हट्ट धरला, की आयुध म्हटलं की आयुध, त्यात उच्चनीच नाही. पहिला मान मंचाचा. मंचामागे शिडी लावून ते चढले. डबा पांढरा, चौकोनी, आणि बरोबर मध्यभागी तेवढं एक गोल बटण. कुंकू लावायला दुसरी जागा शोधायची गरजच नव्हती. त्यांनी अनामिका बुडवली आणि कपाळावर टेकवावी तशी बटणावर टेकवली. डब्यावरचा छोटा दिवा लुकलुकला.

"अम्मा, डोळा मिचकावला यानं."

"पावला म्हणायचं. चल पुढं."

सातही पावले.

परत येऊन श्रीधररावांनी पडदा पाहिला. पाटी गेली होती. सातही चौकोन हिरवे. ओळख पूर्ण. काही न करता. त्यांनी आधी पडद्याला आणि मग वर छताकडे नमस्कार केला. एवढ्या वर्षांच्या आयुधपूजेचं फळ एका दुपारी मिळालं, असं त्यांना वाटलं. मिळालेल्या फळाला कुणी "तू कुठून आलास" असं विचारत नाही, तसं त्यांनीही विचारलं नाही.

मग ते बसले पाठराखिणीला उत्तरं द्यायला. स्वच्छतागृह: दिव्याचं बटण चालू असताना माणूस आला की दिवा लगेच, माणूस हलायचा थांबला की दोन मिनिटांत बंद. मंच: सेन्सरकडे अजिबात लक्ष नको. दिव्यांचं बटण दाबलं की ते एक मिनिटभर सावकाश उजळत जावेत, आधी जाणवेल न जाणवेल असे, मग केशरी, मग लख्ख. हा आकडा त्यांनी चार वेळा बदलला. डोळे मिटून पडदा वर जाताना पाहिला आणि पाचव्यांदा ठरवला. पहाट व्हायची तर पहाटेसारखी.

"एकदा लावून बघतो," म्हणत ते उठले.

"खबरदार," तुंगाबाई दारातूनच म्हणाल्या. "पूजा झाली. आज आयुधांना विश्रांती. उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

"पण आत्ता मी कंप्युटरवरून..."

"त्याला कुंकू लावलंस?"

"नाही. उल्कानं शपथ घातली होती."

"मग तो करू दे काम. तो देवाचा नाही. डब्यांना झोपू दे. त्यांच्या कानात काय सांगायचं ते सांग, पण उठवू नकोस."

एकही दिवा न लावता श्रीधरराव घरी गेले आणि श्यामलाबाईंना म्हणाले, "झालं. उद्या बघ."

दसऱ्याला सकाळी मंटप भरला. मंचामागे छतापासून जमिनीपर्यंत शेवंती आणि मोगऱ्याची भिंत उभी केली होती. पुढे अनुषा आणि नवरा मुलगा. पहिल्या रांगेत पद्मनाभ सर, हाताची घडी घालून. उल्का बॅग कडेवर घेऊन खांबाला टेकलेली. श्यामलाबाई बायकांत. श्रीधररावांच्या खिशात पिवळा स्क्रू-ड्रायव्हर, कपाळाला गंध.

त्यांनी मंचाचं बटण दाबलं आणि हात किंचित वर उचलला, पहाटेसाठी. दिवे फाडकन लागले.

"छान उजेड आहे," पद्मनाभ सर म्हणाले.

श्रीधररावांचा हात तसाच राहिला. ही आपली पहाट नाही, एवढं त्यांना कळलं. पण भटजींनी सुरुवात केली होती.

थोड्या वेळानं फोटोग्राफर म्हणाला, "सगळे स्टेडी. हालू नका." सगळे स्टेडी झाले. भटजीही झाले, कारण त्यांना फोटोत यायचं होतं. फोटोग्राफर बराच वेळ भिंग फिरवत राहिला, आणि मंच काळाकुट्ट झाला.

"करंट गेला," कुणीतरी म्हणालं.

"पंखे चालू आहेत की," दुसरं कुणीतरी.

अनुषानं वळून आजीकडे पाहिलं, तसे दिवे पुन्हा फाडकन लागले. फोटोग्राफरनं पुन्हा स्टेडी म्हटलं, पुन्हा सगळे पुतळे झाले, आणि पुन्हा अंधार. या वेळी नवऱ्या मुलाच्या मावशीचं एकच वाक्य सभागृहभर ऐकू आलं: "मी म्हटलंच होतं, आपल्याकडे करू."

तुंगाबाईंचा चेहरा पाहवत नव्हता. पद्मनाभ सरांनी हाताची घडी सोडली आणि श्रीधररावांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. श्रीधररावांना त्या नजरेत बिनखिडकीची खोली स्वच्छ दिसली, पंख्यासकट.

उल्का पॅनलच्या खोलीकडे धावली. श्रीधरराव तिच्या मागे. वाटेत स्वच्छतागृहाच्या दारात नवऱ्या मुलाचे एक वयस्कर काका उभे होते, ओले हात झटकत.

"काम तुमचं का?" त्यांनी खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे बघत विचारलं.

"हो. का?"

"अहो, तुमच्या संडासात सूर्योदय होतो. बटण दाबलं तर काही नाही. उभा राहिलो अंधारात. मग कुठून तरी तांबडं फुटलं. मला वाटलं, माझंच काही संपत आलं. मग लख्ख झालं. फार सुंदर आहे, पण घाई असली तर काय करायचं?"

श्रीधरराव आत गेले. दिवे बंद केले, पुन्हा बटण दाबलं आणि टाइल्सच्या भिंतींमध्ये एकटे उभे राहिले. आधी जाणवेल न जाणवेल असं. मग केशरी. ते बाहेर आले ते पळतच.

"अक्का, माझी पहाट संडासात आहे."

"काय?" उल्का लॅपटॉप उघडत होती.

"मंचाची म्हणून मी जी दिली, ती इथं लागली. म्हणजे इथली तिथं गेली. माणूस हलायचा थांबला की बंद."

"अरे देवा. ओळख चुकलीय. चौकोन वेगळा आणि डबा वेगळा." ती कपाळाला हात लावून म्हणाली, "पण तुम्ही बटणं कुठल्या क्रमानं दाबलीत?"

"दाबलीच नाहीत. आपोआप झालं. देवाच्या कृपेनं."

"काका."

"कुंकू तेवढं लावलं."

"कुठे?"

"बटणावर. कपाळ तेच आहे ना त्याचं."

उल्कानं डोळे मिटले. "आणि तेव्हा हा लॅपटॉप उघडा होता."

"वाट बघत होता बिचारा," श्रीधरराव म्हणाले, आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच त्यांना सगळं कळलं. सात डोळे मिचकावले ते आशीर्वाद नव्हते. हजेरी होती.

"पुन्हा करावं लागेल," उल्का म्हणाली. "मंचाचा डबा कुठेय?"

"फुलांच्या भिंतीमागे."

दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच चित्र आलं: साखरपुडा चालू असताना नवरीमागून मोगरा उपसणारी शिडी. बाहेर पुन्हा अंधार झाल्याचा "ओह" ऐकू आला. श्रीधरराव सभागृहाच्या दाराशी गेले आणि नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचे तो आवाज लावला.

"अम्मा, ओवाळा. थांबू नका. एकीचं झालं की दुसरी. मंचावर ताट हलतं राहिलं पाहिजे."

तुंगाबाईंना कारण कळलं नाही. पण ओवाळायला त्यांना कारण कधीच लागत नसे. त्या स्वतःच तबक घेऊन उठल्या आणि दिवे लागले.

श्रीधरराव परतले. "आता बघ. बटणाला हात लावायचा नाही. मी क्रम सांगतो. नकाशा तू कुठून काढायला घेतलास?"

"इथून. मागच्या दारापासून, पॅनल इथे आहे म्हणून. पहिलं स्वच्छतागृह, मग स्वयंपाकघर, भोजनशाळा, वधूची खोली, वराची, व्हरांडा, शेवटी मंच. कंप्युटरनं त्याच क्रमानं विचारलं असणार."

"आणि आम्ही पूजा केली ती मंचापासून. मग स्वयंपाकघर, जेवणाची शाळा, नवरी, नवरा, व्हरांडा. शेवटी संडास. हात धुऊन."

उल्का बोटं मोजता मोजता थांबली. "म्हणजे मधले पाचही बरोबर बसले. फक्त पहिला आणि शेवटचा..."

"अदलाबदल. अम्मांनी ज्याला सगळ्यात आधी मान दिला, तो तुझ्या नकाशात संडास."

तिनं माउसकडे हात नेला.

"अक्का, हा माझा."

तिनं हात मागे घेतला आणि पाठीमागे बांधूनच ठेवला, न जाणो. श्रीधररावांनी स्वच्छतागृहाच्या चौकोनावर उजवं बटण दाबलं. वाळूचं घड्याळ आलं. ते तसंच राहिलं. बाहेर कुणीतरी ओरडलं, "मावशी झाल्या, आत्या झाल्या, आता कोण?"

"पाठराखीण नटून येतेय वाटतं," श्रीधरराव पुटपुटले.

आली. त्यांनी सेन्सर बंद केला. पहाटेचा रकाना भरताना हात क्षणभर थांबला. मग पाचव्यांदा ठरवलेला तोच आकडा घातला.

"आत्ता पहाट कशाला हवीय?" उल्का कुजबुजली.

"ज्याची त्याला."

बाहेरून आवाज: "शेजारच्या पण झाल्या. स्वयंपाकीणबाईंना बोलवा." मग थोड्या वेळानं, "त्या पण झाल्या." मग मंचाच्या चौकोनावर उजवं बटण, पुन्हा घड्याळ, पुन्हा पाठराखीण. सेन्सर चालू, दोन मिनिटं, पहाट रद्द. पाठवा. तारेवरून उत्तर आलं: झालं.

श्रीधरराव सभागृहात शिरले आणि दारातच उभे राहिले. मंटपातल्या सगळ्या बायका ओवाळून संपल्या होत्या. बायकांनंतर भटजी संपले होते. आता मंचावर, सूट घातलेले, घामाघूम, दोन्ही हातांत तबक धरून पद्मनाभ सर नवरानवरीला ओवाळत होते. उजवीकडून की डावीकडून, ते ठाऊक नसल्यामुळे दोन्हीकडून.

"सर, थांबा," श्रीधरराव म्हणाले. "कुणी हालू नका."

सर तबकासकट थांबले. अनुषा थांबली. तुंगाबाई पदर तोंडाशी धरून थांबल्या. सगळा मंटप एखाद्या अंकाच्या शेवटी पडदा पडण्याआधी गोठतो तसा गोठला. दोन मिनिटं म्हणजे किती असतात, ते त्या दिवशी तिथल्या तीनशे माणसांना कळलं. कुणाचं मूल रडायला लागलं, तर आईनं तोंडावर हात ठेवला. श्रीधरराव दिव्याकडे बघत नव्हते. ते श्यामलाबाईंकडे बघत होते, वाक्य विसरल्यावर बघत तसे. श्यामलाबाईंचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण तीस वर्षांची सवय होती. त्यांना वाचता आलं: राहिला.

दिवा राहिला होता.

जेवणाच्या पंगतीत पद्मनाभ सर श्रीधररावांच्या शेजारी बसले. रुमालानं कपाळ पुसत होते, तरी ओवाळण्यातलं कुंकू भांगापर्यंत गेलं होतं.

"चूक तुझी," ते कानडीत म्हणाले.

"होय सर," श्रीधरराव मराठीत म्हणाले.

"चूक कसली त्याची?" पाठीमागून वाढायला आलेल्या तुंगाबाई म्हणाल्या. "चूक नकाशाची. मंटपाचा नकाशा कुणी संडासाकडून काढतं? कुणी काढला?"

उल्कानं पानातल्या चित्रान्नात डोकं घातलं. "अम्मा, पॅनल तिथे आहे म्हणून..."

"पॅनल राहू दे. आधी देवाची जागा, मग जेवणाची, मग बाकीची. एवढं तुमच्या कंप्युटरला शिकवा. मग कुंकू कुणीही लावो, काही बिघडत नाही. श्रीधर, आणि भात घे."

पद्मनाभ सरांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "तू स्टोअरमध्ये जाऊ नकोस."

श्रीधररावांचा घास हातातच राहिला. "म्हणजे साईट?"

"स्टोअरमध्ये दोनशे नवे डबे आहेत. पुढच्या नवमीला तू त्या सगळ्यांना कुंकू लावशील. त्यापेक्षा बाहेर राहा. सरी?"

"सरी."

"आणि आयुधपूजेच्या दिवशी लॅपटॉपची तार तू स्वतः काढायची. माझ्यासमोर."

"काढतो. पण सर, मग त्याला कुंकू लावायला हरकत नाही ना?"

"पडद्याला नाही," उल्का पानातून मान न काढता म्हणाली.

परतताना रिक्षात श्यामलाबाईंनी विचारलं, "ते संडासातले दिवे आता नीट झाले ना?"

"झाले. आता आत गेलं की लगेच लागतात. दोन मिनिटांनी विझतात."

"दोनच मिनिटं ठेवलीत?" श्यामलाबाई म्हणाल्या. "सकाळी तुम्ही स्वतः किती वेळ बसता, ते तरी आठवायचं होतंत."

श्रीधररावांनी हात उचलला. बराच वेळ तो तसाच हवेत राहिला. मग त्यांनी रिक्षावाल्याला मागे वळायला सांगितलं.